अनोळखी माणसाला शत्रू ठरवणारा विचार

दहशतवादाची सर्वमान्य व्याख्या आजही उपलब्ध नाही. अभ्यासकांनी केलेल्या व्याख्यांची संख्या शंभरावर गेली असली, तरी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्य देशांचे त्यांपैकी एकीवरही एकमत झालेले नाही. तरीही बहुतेक व्याख्यांमध्ये एक गोष्ट समान आढळते, ती अशी की दहशतवादी कृत्यात जो मरतो त्याच्याशी मारणाऱ्याचे वैयक्तिक वैर नसते. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर माटुंगा रोड ते मीरा रोड यांदरम्यान अवघ्या अकरा मिनिटांत सात लोकल गाड्यांच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत स्फोट झाले, तेव्हा त्या डब्यांत कोण बसले आहे, त्यांची मते काय आहेत, ते कोणत्या देवाला मानतात, हे बॉम्ब ठेवणाऱ्यांना ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची त्यांना गरजही वाटली नव्हती. १८० हून अधिक प्रवासी मरण पावले आणि आठशेच्या वर जखमी झाले. मारणाऱ्यांच्या लेखी हे प्रवासी माणसे नव्हती, एका देशाचे किंवा एका समूहाचे नमुने होते. दहशतवादाचे वैचारिक मूळ शोधायचे असेल, तर शोध इथूनच सुरू करावा लागतो, कारण राग, अन्याय, बेकारी, अपमान या गोष्टी कोट्यवधी लोकांच्या वाट्याला येतात, परंतु अनोळखी माणसाला ठार करण्याची मुभा त्यांपैकी कोणतीही गोष्ट आपणहून देत नाही. ती मुभा विचारप्रणाली देते. विचारप्रणाली म्हणजे जगाचा अर्थ लावणारी, त्यातील दोष कोणाचा हे सांगणारी आणि त्यावर काय करावे याचा आदेश देणारी विचारांची सुसंगत मांडणी.

या स्फोटांच्या तपासातला एक धागा मध्य मुंबईतल्या अँटॉप हिलपर्यंत येतो. २२ ऑगस्ट २००६ रोजी महाराष्ट्र पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने अँटॉप हिल परिसरात झालेल्या चकमकीत एक पाकिस्तानी दहशतवादी ठार झाल्याचे जाहीर केले आणि पुढे त्याचा संबंध रेल्वेतील स्फोटांशी जोडला. वडाळा, शीव आणि माटुंगा यांच्या मध्ये वसलेल्या या भागात केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे, जिच्यात देशाच्या सर्व प्रांतांतील कुटुंबे राहत आली आहेत. प्रतीक्षानगर, संगमनगर, कोकरी आगार अशा कष्टकऱ्यांच्या वस्त्या आहेत. शेख मिसरी यांचा दर्गा आहे आणि मुंबईतल्या चिनी समाजाची दफनभूमीही आहे. माणसाला केवळ त्याच्या गटावरून ओळखू पाहणाऱ्या विचाराला अशी वस्ती अडचणीची वाटावी, इतके गट इथे एकमेकांत मिसळलेले आहेत. ठार झालेल्या त्या माणसाचा स्फोटांतला सहभाग मात्र त्याच्यापुरता कधीच न्यायालयात तपासला गेला नाही, कारण मृताविरुद्ध खटला चालत नाही.

राजकीय हिंसेच्या आधुनिक इतिहासाची मांडणी करताना अमेरिकी अभ्यासक डेव्हिड रॅपोपोर्ट यांनी चार लाटांची कल्पना सुचवली: एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची अराजकवादी लाट, त्यानंतरची वसाहतवादविरोधी लाट, १९६० च्या दशकापासूनची नवडावी लाट आणि १९७९ नंतरची धार्मिक लाट. महाराष्ट्राचे वैशिष्ट्य असे की या चारही लाटांच्या खुणा त्याच्या भूमीवर सापडतात. १८८१ साली रशियाच्या झारची हत्या करणाऱ्या क्रांतिकारकांची पद्धत पॅरिसमार्गे भारतात आली. पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढचे सेनापती बापट, यांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्ब तयार करण्याची माहिती मिळवली आणि त्या माहितीची पुस्तिका भारतातल्या क्रांतिकारकांपर्यंत पोहोचली. त्याआधी २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली होती आणि त्यानंतर २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनची हत्या झाली.

ब्रिटिश सरकारने या कृत्यांना दहशतवाद म्हटले आणि मराठी समाजाने त्यांच्या कर्त्यांना हुतात्मे मानले. हा मतभेद टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. चापेकरांच्या गोळीचे लक्ष्य विशिष्ट अधिकारी होता आणि ज्या राज्याविरुद्ध ती झाडली गेली त्या राज्यात प्रजेला मताचा अधिकार नव्हता, हे दोन्ही फरक मोठे आहेत. तरीही त्या हल्ल्यात रँडसोबत लेफ्टनंट आयर्स्ट हाही मारला गेला, आणि गणवेशावरून माणूस ठरवण्याच्या मार्गावर चुकीचा माणूस मरण्याची शक्यता अगदी पहिल्या पावलापासून असते, हेही नोंदवले पाहिजे. ज्या देशात मतपेटी, न्यायालय, वृत्तपत्र आणि मोर्चा हे मार्ग खुले आहेत, तिथे १८९७ चा दाखला देऊन हिंसेचे समर्थन करता येत नाही.

रँडच्या हत्येनंतर सरकारने जे केले ते या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. पुण्यातील नातू बंधूंना १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली अटक झाली आणि कोणताही आरोप न ठेवता, कोणताही खटला न चालवता त्यांना डांबून ठेवण्यात आले. लोकमान्य टिळकांवर त्यांच्या लेखनासाठी राजद्रोहाचा खटला भरून त्यांना शिक्षा देण्यात आली. प्रतिबंधक स्थानबद्धता, म्हणजे गुन्हा घडलेला नसताना तो घडेल या अंदाजावर माणसाला कैदेत ठेवणे, ही पद्धत अशा रीतीने वसाहतकाळातच रूढ झाली आणि स्वतंत्र भारताच्या संविधानातही अनुच्छेद २२ च्या रूपाने, काही मर्यादांसह, शिल्लक राहिली. जगातील बहुतेक उदारमतवादी लोकशाहींत, म्हणजे निवडून आलेल्या सरकारलाही व्यक्तीच्या मूलभूत हक्कांची मर्यादा पाळावी लागते अशा राज्यव्यवस्थांत, शांततेच्या काळात अशी तरतूद थेट संविधानात आढळत नाही.

धार्मिक लाटेचा वैचारिक उगमही मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा नाही. जमात-ए-इस्लामीचे संस्थापक अबुल आला मौदुदी यांचा जन्म १९०३ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात झाला. सार्वभौमत्व केवळ ईश्वराचे असते, म्हणून माणसांनी बहुमताने केलेला कायदा हा त्या सार्वभौमत्वावरचे अतिक्रमण होय, हा त्यांचा सिद्धान्त. मौदुदींनी स्वतः पक्षसंघटनेचा मार्ग धरला आणि पुढे त्यांच्या पक्षाने पाकिस्तानात निवडणुकाही लढवल्या, त्यामुळे त्यांना थेट हिंसेचे सूत्रधार म्हणणे चुकीचे ठरेल. परंतु विचार लिहिणाऱ्याच्या हाती राहत नाही. इजिप्तमधील सय्यद कुत्ब यांनी हीच सूत्रे उचलून असे मांडले की आजचे मुस्लिम समाजही इस्लामपूर्व अज्ञानावस्थेत गेलेले आहेत. १९६६ साली कुत्ब यांना फाशी झाल्यानंतर पुढच्या पिढीने त्यातून शस्त्र उचलण्याचा आदेश वाचला आणि १९८१ साली राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांची हत्या त्याच आधारावर समर्थनीय ठरवली. या साखळीतील प्रत्येक टप्प्यावर शत्रूची व्याख्या रुंदावत गेली. आधी परकीय राज्यकर्ता शत्रू होता, मग स्वकीय राज्यकर्ता, मग त्याला मत देणारा सामान्य नागरिक, आणि शेवटी त्या नागरिकाच्या शेजारी रेल्वेत बसलेला कोणीही. पाकिस्तानातल्या लष्कर-ए-तैयबा या दहशतवादी संघटनेची धार्मिक परंपरा वेगळी, अहल-ए-हदीस पंथाची आहे, परंतु शत्रूची व्याख्या रुंदावत नेण्याची रीत तिथेही तीच आहे.

ही रीत एका धर्मापुरती मर्यादित नाही. १९८० च्या सुमारास गडचिरोलीच्या जंगलात आलेल्या माओवाद्यांनी आदिवासींवरील खऱ्या अन्यायाचा, तेंदूपानाच्या मजुरीचा, जंगल खात्याच्या जाचाचा प्रश्न हाती घेतला. पण वर्गशत्रू या संकल्पनेने पाहता पाहता पोलीस पाटील, रस्त्याचा ठेकेदार आणि खबऱ्या असल्याचा नुसता संशय असलेला गावकरी यांनाही आपल्यात ओढले, ज्यांच्यातले कितीतरी जण स्वतः आदिवासी होते. हिंदुत्वाच्या नावाने हिंसा करणाऱ्या गटांविषयी लिहिताना न्यायालयीन निकालांची मर्यादा पाळणे भाग आहे: डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या हत्येप्रकरणी पुण्याच्या विशेष न्यायालयाने १० मे २०२४ रोजी दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांची सुटका केली. गोळी लागली ती अंधश्रद्धेविरुद्ध वीसहून अधिक वर्षे सनदशीर मार्गाने काम करणाऱ्या, जादूटोणाविरोधी कायद्याचा आग्रह विधिमंडळाच्या दारात धरणाऱ्या एका डॉक्टरला.

विचारप्रणाली बंद खोलीत वाढत नाही. तिला खऱ्या जखमेचे खत लागते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत झालेल्या दंगलींत ९०० माणसे मरण पावली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते, असे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाच्या १९९८ च्या अहवालात नमूद आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १२ मार्च १९९३ रोजी, शेअर बाजारापासून दादरच्या प्लाझा सिनेमापर्यंत ठिकठिकाणी झालेल्या स्फोटांत २५७ जणांचा बळी गेला, आणि दंगली हे या स्फोटांमागचे एक कारण असल्याचे आयोगाला दिसले. कारण सांगणे म्हणजे समर्थन करणे नव्हे. प्लाझाच्या आवारात मेलेल्या प्रेक्षकाने जानेवारीत कोणाचे घर जाळलेले नव्हते. मात्र स्फोटांच्या खटल्यात टाडा न्यायालयाने शंभर जणांना दोषी ठरवले आणि दंगलींच्या खटल्यांत शिक्षा झालेल्यांची संख्या अगदीच थोडी राहिली, ही तफावत पुढच्या काळात भरतीसाठी वापरली गेली. एका बाजूचे मृत्यू मोजले जातात आणि दुसऱ्या बाजूचे विसरले जातात, असे सांगणाऱ्याला पुरावा राज्यानेच पुरवला होता.

विचाराला विचारानेच उत्तर देण्याची परंपरा महाराष्ट्रात आहे आणि तिचे मोल अजून पुरते ओळखले गेलेले नाही. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी तोंडी तलाकविरुद्ध सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना केली. महात्मा फुले यांचा सत्यशोधक हा शब्द त्यांनी जाणीवपूर्वक घेतला होता. मुसलमान हा आधी नागरिक आणि व्यक्ती आहे, जमातीचा सदस्य नंतर, ही त्यांची भूमिका मौदुदींच्या सिद्धान्ताला मुळातच छेद देणारी होती आणि तितकीच ती सर्व मुसलमानांना एका साच्यात पाहणाऱ्या हिंदू जातीयवादालाही छेद देणारी होती. १९७७ साली, वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. याच परंपरेत, नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा देण्यास मुंबईच्या मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला, तेव्हा त्यांनी हल्लेखोरांचा सगळ्या समाजाच्या वतीने लढत असल्याचा दावाच नाकारला होता. कोणत्याही सरकारी प्रचारमोहिमेला हे साधले नसते.

राज्यसंस्थेचा प्रतिसाद मात्र मुख्यतः कायद्यांच्या रूपाने आला. १९८५ आणि १९८७ चा टाडा, १९९९ चा महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा म्हणजे मोक्का, २००२ चा पोटा आणि २००४, २००८ व २०१९ मध्ये उत्तरोत्तर कडक होत गेलेला बेकायदेशीर हालचाली प्रतिबंधक कायदा, ज्याला यूएपीए म्हणतात, ही त्याची साखळी. यांतील निर्णायक तरतूद कबुलीजबाबाची. सामान्य कायद्यानुसार पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, कारण तो कसा मिळवला गेला असेल याचा अनुभव ब्रिटिश कायदेकारांनाही होता. टाडा, पोटा आणि मोक्का यांनी मात्र वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य मानला. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने करतार सिंग खटल्यात टाडाची ही तरतूद वैध ठरवली. टाडाखाली ७६ हजारांच्या आसपास लोकांना अटक झाली आणि दोषी ठरलेल्यांचे प्रमाण दोन टक्क्यांच्याही खाली राहिले. १९९५ मध्ये तो कायदा मुदत संपून गेला, पण त्याने लावलेली सवय गेली नाही. कबुलीजबाब मिळाला की तपास संपला, असे मानणाऱ्या यंत्रणेला धातूचे कण, टेलिफोनच्या नोंदी, साक्षीदारांची जपणूक या कष्टाच्या गोष्टींची गरज उरत नाही.

रेल्वे स्फोटांचा खटला या सवयीचा परिणाम दाखवतो. सप्टेंबर २०१५ मध्ये मोक्का न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. तेराव्या आरोपीची सुटका झाली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अनिल किलोर आणि न्यायमूर्ती श्याम चांडक यांच्या खंडपीठाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब स्वेच्छेने दिलेले नाहीत आणि त्यांतील मजकूर जागोजागी सारखाच आहे, टॅक्सीचालकांनी आरोपींविषयी शंभराहून अधिक दिवसांनी तोंड उघडले, ओळख परेड घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता, आणि वापरलेला बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता हेही सिद्ध झाले नाही, असे न्यायालयाला आढळले. बारांपैकी एकाचा २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात मृत्यू झाला होता. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर मोक्का खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असा आदेश दिला, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

त्याच महिन्यात, ३१ जुलै २०२५ रोजी, मालेगावच्या भिकू चौकात २९ सप्टेंबर २००८ रोजी सहा जणांचा बळी घेणाऱ्या स्फोटाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने सातही आरोपींना पुराव्याअभावी सोडले. मालेगावच्याच ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांसाठी अटक झालेल्या मुस्लिम तरुणांना २०१६ साली दोषमुक्त करण्यात आले होते. आरोपींचा धर्म पाहून एका निकालावर आनंद आणि दुसऱ्यावर संताप व्यक्त करणारे लोक महाराष्ट्रात पुष्कळ निघाले. मृतांच्या कुटुंबांच्या बाजूने पाहिले तर तिन्ही ठिकाणी प्रश्न तोच उरतो, की मग हे केले कोणी. निरपराधाला पकडून ठेवण्यात जी वर्षे जातात, ती खरा गुन्हेगार मोकळा राहण्याचीही वर्षे असतात, आणि कडक कायदा म्हणजे परिणामकारक कायदा असे गृहीत धरणाऱ्यांनी या बाजूचा विचार क्वचितच केलेला दिसतो. शिवाय अमुक वस्तीतला, अमुक संघटनेच्या सभेला जाणारा म्हणून जेव्हा माणूस उचलला जातो, तेव्हा व्यक्ती नसते, फक्त गट असतो, हे दहशतवाद्याचे मूळ गृहीतक राज्यसंस्थेने आपल्या हातांनी मान्य केलेले असते.

याच शहराने याच्या उलट उदाहरणही घालून दिले आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात १६६ माणसे मेली. गिरगाव चौपाटीजवळ सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या अंगावर झेलून हल्लेखोर अजमल कसाबला जिवंत पकडू दिले. जिवंत पकडल्यामुळेच त्याच्यावर खटला चालू शकला आणि कटाचा पाकिस्तानातला उगम जगापुढे मांडता आला. आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यासमोर त्याला सरकारी खर्चाने वकील मिळाला, छत्रपती शिवाजी टर्मिनसवरची छायाचित्रे आणि प्रत्यक्षदर्शींच्या साक्षी तपासल्या गेल्या आणि मे २०१० मध्ये निकाल लागला. सर्वोच्च न्यायालयातही ज्येष्ठ वकील राजू रामचंद्रन यांनी न्यायालयाच्या विनंतीवरून त्याची बाजू मांडली. त्याच निकालात दोन भारतीय सहआरोपींना पुराव्याअभावी सोडण्यात आले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. देश संतापाने पेटलेला असताना, कसाबला फाशी देणाऱ्या त्याच न्यायाधीशांनी दुसऱ्या दोघांविषयी पुरावा अपुरा आहे असे म्हणणे, हे भारतीय न्यायव्यवस्थेच्या इतिहासातील अभिमानाचे पान मानले पाहिजे. याउलट ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या मुख्य आरोपीला २००३ मध्येच पकडूनही अमेरिकेला दोन दशकांनंतर त्याच्यावरचा खटला उभा करता आलेला नाही, आणि त्याचे मोठे कारण म्हणजे छळ करून मिळवलेल्या माहितीने पुरावाच नासवला.

चकमकींविषयीही मुंबईच्याच अनुभवातून कायदा घडला. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या ९९ चकमकी आणि त्यांतील सुमारे १३५ मृत्यूंच्या प्रश्नावर पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने केलेल्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी प्रत्येक चकमकीनंतर गुन्हा नोंदवणे, स्वतंत्र तपास आणि दंडाधिकाऱ्याची चौकशी बंधनकारक केली. अँटॉप हिलची घटना त्याच्या आठ वर्षे आधीची.

विचार आणि कृती यांतील सीमा हा लोकशाहीपुढचा सर्वांत कठीण प्रश्न आहे. बंदी घातलेल्या संघटनेचे नुसते सदस्यत्व हा गुन्हा नव्हे, हिंसेत सहभाग किंवा हिंसेला चिथावणी हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले होते. मार्च २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने ते मत रद्द केले. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी कडव्या डाव्या विचारांच्या संघटनांविरुद्ध विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले, तेव्हाही कृती कुठे सुरू होते हाच वादाचा मुद्दा होता. त्यानंतर तीनच महिन्यांनी माओवाद्यांचा एक सर्वोच्च नेता साठेक साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, आणि त्यामागे पोलिसी दबावाइतकीच २००५ पासून चाललेली आत्मसमर्पण व पुनर्वसनाची योजना होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

ब्रिटनमध्ये २१ नोव्हेंबर १९७४ रोजी बर्मिंगहॅमच्या मद्यगृहांत झालेल्या स्फोटांत २१ जण मेले. आठ दिवसांत संसदेने दहशतवादविरोधी कायदा केला आणि पुढच्या वर्षी सहा आयरिश पुरुषांना जन्मठेप झाली. ते निरपराध असल्याचे मान्य होऊन १४ मार्च १९९१ रोजी त्यांची सुटका झाली, त्याच दिवशी सरकारने फौजदारी न्यायपद्धतीच्या तपासणीसाठी शाही आयोग जाहीर केला आणि त्याच्या शिफारशीवरून चुकीच्या शिक्षांची फेरतपासणी करणारे स्वतंत्र मंडळ १९९७ पासून काम करू लागले. भारतात विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यात अडकवल्या गेलेल्यांना भरपाई मिळण्यासाठी विशेष न्यायालये आणि स्वतंत्र कायदेशीर तरतूद सुचवली. त्या शिफारशीचा कायदा झाला नाही. रेल्वे स्फोटांच्या खटल्यातून एकोणीस वर्षांनी सुटलेले लोक जुलै २०२५ मध्ये तुरुंगाबाहेर आले, तेव्हा भरपाई मागण्यासाठी त्यांच्यापुढे असा कोणताही कायदा नव्हता, आणि स्फोटांत माणसे गमावलेल्या कुटुंबांपुढे नव्याने तपास मागण्याची कोणतीही ठरलेली वाट नव्हती.